पाटाच्या पाण्यात पंख हलवून ५ एचपीचा पंप चालेल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बारामतीकडे एका वितरिकेला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, लागून तुमची शेती आहे. वितरिका ३ मीटर रुंद आहे आणि आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) सुरू असताना पाणी साधारण मीटरभर खोल असतं. तुम्ही एका व्हिडिओत माशाच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलणारा पंख पाहिलात. त्याची कार्यक्षमता ४० टक्के सांगितली होती. तसा पंख पाटात बसवून विहिरीवरचा ५ एचपीचा पंप चालेल का, असं तुम्ही विचारलंय. अर्धी भरलेली बाटली पाण्यात सोडून तुम्ही वेगही मोजलात, २० मीटरला २० सेकंद. हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक ‘पाणी जोरात असतं’ एवढंच सांगतात आणि मग उत्तर देणाऱ्याला ज्योतिषी व्हावं लागतं.

पंप चालणार नाही. पण हा पंख म्हणजे निव्वळ खेळणं आहे असंही नाही. मी छोट्या जलविद्युतमध्ये काम करतो आणि असे दोन पंख स्वतः बनवून पाण्यात घातले आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

खरा प्रश्न पंख चालतो की नाही हा नाहीच. तुमच्या पाण्यात आहे किती, हा आहे.

वाहत्या पाण्याची ताकद वेगाच्या घनावर चालते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट, वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा. सेकंदाला १ मीटर वेगाच्या पाण्याच्या एक चौरस मीटर तोंडातून ५०० वॉट जातात. २ मीटरला ४,००० वॉट, आणि अर्ध्या मीटरला फक्त ६२. तुमची बाटली पृष्ठभागावरून गेली आणि तिथं पाणी सगळ्यात जलद असतं. तळाशी आणि काठाला ते घासतं, म्हणून सरासरी काढायला पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणायचा. म्हणजे तुमच्या पाटाचा खरा वेग सेकंदाला ८५ सेंटीमीटर धरू. त्या वेगाला चौरस मीटरमागे ३०० वॉटच्या आसपास मिळतात. तुमच्या वितरिकेचा छेद ३ चौरस मीटर, म्हणजे अख्ख्या पाटातून एका जागी जाणारी गतिज ऊर्जा सव्वानऊशे वॉट.

५ एचपी म्हणजे ३,७०० वॉट. पाट काठापासून काठापर्यंत यंत्रानं भरला आणि त्या यंत्राची कार्यक्षमता १०० टक्के असली, तरी पंपाच्या गरजेचा चौथा हिस्सा निघतो. त्यामुळे व्हिडिओतले ४० टक्के खरे की खोटे यानं तुमच्या बाबतीत काहीच बदलत नाही.

ते खोटे नाहीत, हेही सांगतो. क्युबेकच्या लावाल विद्यापीठातल्या गटानं दोन पंख एकामागे एक लावलेला नमुना बोटीखाली बसवून तळ्यात ओढला होता. २०११ मध्ये त्यांनी निकाल छापला, तो ४० टक्क्यांचा. पण हे ४० टक्के पंखानं व्यापलेल्या क्षेत्रातून जाणाऱ्या ऊर्जेचे, स्वच्छ आणि संथ तळ्यातले, आणि पाण्यातून काढलेल्या ताकदीचे. त्यापुढे गिअर आणि जनित्र आपापला वाटा घेतात. मोकळ्या प्रवाहात ठेवलेल्या कुठल्याही यंत्राला ५९.३ टक्क्यांची कमाल मर्यादा आहेच. पंख हलता असो की फिरता, कारण सगळंच पाणी थांबवलं तर मागून येणारं पाणी यंत्राला वळसा घालून जातं.

आता पंख काम कसं करतो ते. हे समजलं की पुढचे आकडे आपोआप पटतात. मासा शेपटी हलवतो तेव्हा तो पाण्याला ताकद देतो. इथं उलटं करायचंय, पाण्यानं पंखाला ढकलायचंय. दोन्हींत पंख तोच, हालचालही जवळपास तीच. फरक कोनाचा. पंख आडवा सरकत असताना त्याच्या दृष्टीनं पाणी तिरपं येतं. पंखाची मान, म्हणजे प्रवाहाशी त्याचा कोन, त्या तिरपेपणापेक्षा कमी वळवली तर तो वल्हं होतो, म्हणजे तुम्ही ढकलायचं आणि पाणी मागे जाणार. मान त्याहून जास्त वळवली की तो जनित्राचा पंख होतो. चांगल्या चालणाऱ्या पंखात मान मध्यावर ७०-७५ अंशांपर्यंत वळते, आणि पाण्याचा तिरपेपणा ४० अंशांच्या आसपास असतो. फरक राहतो ३०-३५ अंशांचा. विमानाच्या पंखाला एवढा कोन दिला तर ते कोसळेल, कारण १५ अंशांच्या आसपासच प्रवाह पंख सोडून देतो. इथं मात्र पंख सतत हालचालीत असतो. प्रवाह सुटायला लागला की पुढच्या कडेवर एक भोवरा तयार होतो, तो पंखाच्या पाठीवरून घरंगळत जातो आणि जाताजाता पंखाला जोरात ओढतो. भोवरा मागच्या टोकाला पोचेपर्यंत पंखानं मान फिरवून परतीचा रस्ता धरला पाहिजे. जमलं तर तोच भोवरा मान फिरवायलाही मदत करतो. उशीर झाला तर आधी कमावलेलं तिथंच परत जातं.

म्हणून या यंत्रात सगळा खेळ वेळेचा आहे, पंखाच्या आकाराचा फारसा नाही. माझा पहिला पंख मी विमानाच्या नकाशावरून प्लायवूडच्या फासळ्या कापून, वर फायबर चढवून, पॉलिश करून बनवला होता. तीन आठवडे गेले. दुसरा घाईत केला, जाड सपाट फळी आणि कडा गोल घासलेल्या. दोघांतला फरक माझ्या मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठा निघाला नाही. तुम्ही हौसेनं करायला घेतलंत तर आकारावर एक रविवार घालवा, जोडकामावर महिना.

तुमच्या पाटासाठी मी पंख कसा आखीन? आडवा नाही, उभा. दारासारखा, वरून लोंबता, पाण्यात ८० सेंटीमीटर. रुंदी ४० सेंटीमीटर, आणि मध्यापासून दोन्हीकडे ४० सेंटीमीटर सरकणारा. मागच्या कडेची झेप धरून तो साधारण १ मीटर पट्टा व्यापतो, म्हणजे ०.८ चौरस मीटर. त्यातून जाते पाण्याची २४५ वॉट ताकद. घरी बनवलेल्या यंत्रात त्यातली २० टक्के काढलीत तर मी तुमची पाठ थोपटीन. झाले ४९ वॉट. गिअर, बेअरिंग आणि छोट्या जनित्रातून बाहेर येईपर्यंत ३० उरतात.

तीस वॉट. गोठ्यातले दोन दिवे आणि मोबाइल.

तुम्ही लिहिलंय की सगळी आवर्तनं मिळून वर्षाला ११० दिवस पाणी असतं. रात्रंदिवस चालला तरी वर्षाचे ८० युनिट. १०० वॉटचा एक साधा सौर पॅनल पत्र्यावर टाकला तर तो वर्षाला याहून जास्त देतो, त्याला निर्माल्य अडकत नाही आणि त्याच्यासाठी पाटाच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या पाटकऱ्याची समजूत काढावी लागत नाही.

संथपणा ही दुसरी अडचण. या मापाचा पंख तुमच्या पाण्यात एक फेरी साडेतीन सेकंदांत पुरी करेल, मिनिटाला १७-१८ फेऱ्या. जनित्राला शेकड्यांत फेरे हवेत, म्हणजे वीस-तीसपट वेग वाढवायला हवा. शिवाय ताकद एकसारखी येत नाही. पंख मधोमध असताना भरपूर, दोन्ही टोकांना जवळजवळ शून्य, आणि मान फिरवताना कधी उलट आपल्यालाच थोडी घालावी लागते. म्हणून जड चाक लागतं, नाहीतर दोन पंख पाव फेरीच्या अंतरानं लावायचे, एक टोकाला असताना दुसरा मध्यावर. मी पहिल्यांदा चाक हलकं ठेवलं होतं. पंख टोकाला जाऊन निवांत उभा राहायचा, म्हशीसारखा. हातानं ढकलला की दोन फेऱ्या मारून पुन्हा उभा. बघायला आलेल्या मंडळींनी ‘याला चारा घाला’ वगैरे सल्ले दिले.

टोकाला मान अडवायला लोखंडी ठोकळे वापरू नका, हेही त्याच वेळी शिकलो. मिनिटाला पस्तीस दणके बसले की वेल्डिंग दोन दिवसांत बोलायला लागतं. रबर तरी लावा. नाहीतर सरळ क्रँक घ्या, ज्यात सरकणं आणि वळणं एकाच दांड्याला पाव फेरीच्या फरकानं बांधलेलं असतं. तेच जास्त भरवशाचं. लावालच्या नमुन्यातही दोन्ही हालचाली दांड्यांनी बांधून एका फिरत्या शाफ्टवर आणल्या होत्या.

आणि कचरा. प्रयोगशाळेत हा विषय नसतो. आमचा दुसरा पंख रब्बीच्या आवर्तनात एका चारीत चार दिवस होता. पहिल्या रात्री त्याला साडी गुंडाळली गेली. दुसऱ्या दिवशी ऊसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, झेंडूच्या माळा आणि खताची गोणी. पंख फिरत्या पात्यांपेक्षा कचरा कमी गुंडाळतो असं म्हणतात, आणि ते काही अंशी खरं आहे, कारण परत येताना तो पुष्कळसा झटकून टाकतो. पण साडी झटकली जात नाही. पुढे तिरप्या सळ्यांची जाळी लावावी लागते. ती सकाळ-संध्याकाळ साफ करावी लागते, आणि ज्या दिवशी कोणी साफ करत नाही त्या दिवशी जाळीच पाट तुंबवते.

इथं पाटकऱ्याची बाजूही सांगतो, कारण तुम्ही त्याच्यावर वैतागलेले दिसता. एकट्या पंखानं पाणी किती चढतं? तुमच्या पाटातून सेकंदाला अडीच घनमीटर, म्हणजे नव्वद क्यूसेक जातात. पंखानं काढलेली आणि त्याच्यामागे भोवऱ्यांत वाया गेलेली मिळून १०० वॉट धरली, तर वरच्या बाजूला पाणी चारेक मिलिमीटर चढेल. काहीच नाही. पण जाळीवर गोणी बसल्या की तेच वीतभर चढू शकतं. वितरिकेचे काठ मोजूनमापून ठेवलेले असतात. एखादं आवर्तन काठावरून गेलं तर फुटलेला पाट पाटकऱ्याच्या माथी येतो आणि खालच्या लोकांचं पाणी जातं. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली कालव्यात अडथळा करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे लेखी परवानगीशिवाय पाटात काही उतरवू नका, प्रयोग म्हणूनसुद्धा. आणि पोरं जिथं पोहतात तिथं तर परवानगी मिळाली तरी नको. तो पंख पंचवीसेक किलोच्या जोरानं ये-जा करतो. संथ दिसतो म्हणून माणूस हात घालतो.

मग हे यंत्र बनवतात तरी कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं उत्तर आकारात आहे. फिरतं चक्र वर्तुळ व्यापतं. मीटरभर खोल पाण्यात जास्तीत जास्त ९० सेंटीमीटर व्यासाचं चक्र मावेल, म्हणजे ०.६४ चौरस मीटर, आणि दोन्ही बाजूंचं पाणी मोकळं निघून जातं. पंख आयत व्यापतो. पाणी उथळ आणि रुंद असेल तर पंख लांब करायचा, झेप वाढवायची आणि सगळी रुंदी वापरायची. त्यात बेअरिंग, सील, जनित्र असं सगळं नाजूक सामान पाण्याच्या वर ठेवता येतं. आमच्या पहिल्या नमुन्याचं बेअरिंग पाण्याखाली होतं. आठवड्यात गाळ शिरून ते खरखरायला लागलं. वर आणल्यापासून तक्रार नाही.

पण उथळ आणि रुंद याच्या जोडीला जलद हवं. तुमच्याच मापाचा पंख सेकंदाला २ मीटरच्या पाण्यात ठेवला तर ३० वॉटच्या जागी चारशेच्या आसपास देईल. असं पाणी धरणाच्या पायथ्याशी वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पक्क्या चरात सापडू शकतं, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीत. म्हणून या कल्पनेवर मोठा पैसा लागला तो समुद्रातच. १९८१ मध्ये कॅनडात मॅकिनी आणि डीलॉरिए यांनी हलत्या पंखाची पवनचक्की वाऱ्याच्या बोगद्यात तपासली, तिथून हा विषय गंभीरपणे सुरू झाला. २००२ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांमधल्या येल साउंडमध्ये ‘स्टिंगरे’ नावाचं १५० किलोवॉटचं यंत्र समुद्राच्या तळाशी उतरवलं गेलं. एक प्रचंड आडवा पंख, वरखाली होणारा, तेलाच्या दाबानं मोटर फिरवणारा. ते चाललं, पुढच्या वर्षी पुन्हा उतरवलं, आणि मग खर्चाचं गणित न बसल्यानं बाजूला पडलं. काही वर्षांनी इंग्लंडच्या हंबर खाडीत १०० किलोवॉटचं यंत्र आलं, ते मुद्दाम उथळ पाण्यासाठी, पंख पाण्यात आणि यंत्रणा वर. तेही व्यापारी पातळीवर पोचलं नाही. यंत्र चालणं आणि यंत्रानं पोट भरणं यांत बरंच अंतर असतं, आणि समुद्रात ते अंतर बोट, क्रेन आणि पाणबुड्यांच्या बिलांचं असतं.

आपल्याकडे जोरदार प्रवाह खंबायत आणि कच्छच्या आखातांत आहेत. कोकणच्या खाड्यांविषयी मला नेहमी विचारणा होते, म्हणून एवढंच सांगतो की खाडीच्या मुखाशी वेग बरा असला तरी तो दिवसात चार वेळा शून्यावर येतो. उधाणाच्या मोठ्या भरतीला जे मिळतं ते भांगाच्या लहान भरतीला मिळत नाही. वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा, हे घनाचं गणित तिथंही सोडत नाही. शिवाय जिथं प्रवाह चांगला तिथं आधीच कोणाची तरी डोल, म्हणजे प्रवाहात बांधलेलं मासेमारीचं जाळं, लागलेली असते. प्रवाह कुठं, किती वेळ आणि कुठल्या तिथीला जोरात असतो हे डोलकरांना आपल्या यंत्रांपेक्षा जास्त ठाऊक असतं. खाडीत मोजमाप सुरू करण्याआधी मी त्यांच्याशी बोलतो.

आता तुमच्याकडे परत. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून गेलात: ‘वरच्या बाजूला अर्ध्या किलोमीटरवर पाटाचा धबधबा आहे, चार फुटांचा असेल, तिथं पाणी जास्त जोरात आहे, तिथं पंख लावू का?’ तिथं पंख लावू नका. पण माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नात कामाची ओळ तीच आहे.

८५ सेंटीमीटर वेगाच्या पाण्यातली गतिज ऊर्जा म्हणजे तेच पाणी पावणेचार सेंटीमीटर उंचीवरून पडण्याइतकी. पंख, चक्र, काहीही आणा, मोकळ्या पाटात तुम्ही या पावणेचार सेंटीमीटरसाठी भांडत असता. कालवा आखणाऱ्यानं उतार मुद्दाम कमी ठेवलेला असतो, पाण्यानं तळ खरवडू नये म्हणून. जमिनीचा उरलेला उतार तो साठवत आणतो आणि एका जागी पायरी करून सोडून देतो. तुमचा चार फुटांचा फॉल म्हणजे ती पायरी. तेच नव्वद क्यूसेक १.२ मीटर खाली पडतात तेव्हा ३० किलोवॉट मोकळे होतात आणि खालच्या कुंडीत फेस होऊन संपतात. कमी उंचीचं साधं चक्र किंवा स्क्रू बसवून त्यातले ६० टक्के काढले तरी १८ किलोवॉट. पंखाच्या सहाशेपट, आणि पाणी तेच.

हे तुम्हाला एकट्याला मिळेल असं मी म्हणत नाही. फॉल जलसंपदा विभागाचा आहे, बाजूनं वळण-चर काढावा लागेल, यंत्र बंद पडलं तरी पाणी जाईल अशी सोय हवी, आणि ११० दिवसांच्या विजेवर बांधकामाचा खर्च निघतो का हे पाहावं लागेल. पाणी वापर संस्थेमार्फत गेलात तर कोणी ऐकेल, एकट्या शेतकऱ्याला बहुधा पुढच्या टेबलावर पाठवतील. आणि पाट चालू असताना पिकाला बहुधा पाटाचंच पाणी मिळतं. पंपाची गरज पाट बंद असताना जास्त, तेव्हा फॉलही कोरडा. विहिरीवरच्या पंपासाठी म्हणून सौर पंपाच्या योजनेत अर्ज करा, तो आजच करा. फॉलचा विचार वेगळा ठेवा, पाच-दहा जणांचा मिळून.

पंख बनवायचाच असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की बनवायचाच आहे, तर शेततळ्यात बनवा. तळ्याच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे दोराच्या गाड्यावर तो ओढायचा. वेग तुमच्या हातात, कचरा नाही, परवानगीची भानगड नाही. पंधरा-वीस सेंटीमीटर रुंदीचा पंख पुरे. भोवरा बघायला पाण्यात थोडी हळद सोडा.

आणि पुढच्या आवर्तनात एक काम करा. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी घ्या आणि फॉलच्या वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजा. तळातला नको, पाण्यातला, आणि पाट पूर्ण भरलेला असताना. चार फूट आहेत की अडीच, यावर सगळं ठरेल. गेजवरचा (पाटातलं पाणी मोजायच्या पट्टीवरचा) क्यूसेकचा आकडा पाटकऱ्याला विचारा, चहा पाजून. दोन्ही आकडे कळवलेत की पुढचं बोलू.